चर्चा नको, चंद्री चालेल

"जतची बॅच इथंच थांबवू या," भोसले सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

स्क्रीनवर आलेखाचे दोन खांब होते. साताऱ्याचा खांब पार वर टेकलेला. जतचा खांब नव्हताच, तळाला नुसती रेघ होती.

"फोरम पार्टिसिपेशन झिरो. एका बाईची एक ओळ नाही. इंटरेस्टच नाही म्हणायचा त्यांना."

"सर, क्विझ बघा की. असाइनमेंट बघा. सगळ्या भरलेल्या आहेत."

"फोरमशिवाय कोर्स पुरा होत नाही. नियम मी केलेला नाही."

नियम मीच केला होता. पण ते त्या क्षणी बोलण्यात काही अर्थ नव्हता.

मी विश्रामबागेत एका कॉलेजच्या ई-लर्निंग सेलमध्ये काम करते, भोसले सर माझे वरिष्ठ. पदाचं नाव इन्स्ट्रक्शनल डिझायनर. आईला मी सांगते, "मास्तर शिकवतात, आणि कसं शिकवायचं ते मी ठरवते." त्यावर ती म्हणते, "मग मास्तरापेक्षा मोठी की तू." मी नाही म्हणत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आमचे आप्पा मेंढरं घेऊन दरसाल पाण्याच्या मागं पश्चिमेला उतरायचे, आणि मी जतला मामाकडं राहून शाळा केली. हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

आता थोडं कामाचं. ऑनलाइन वर्ग ज्याच्यावर चालतो त्याला एलएमएस म्हणतात. त्यात व्हिडिओ असतात, वाचायचे धडे असतात आणि ॲक्टिव्हिटी असतात. ॲक्टिव्हिटी म्हणजे शिकणाऱ्यानं स्वतः काहीतरी करायचं ते. क्विझ म्हणजे प्रश्नोत्तरं. असाइनमेंट म्हणजे गृहपाठ, तो फक्त शिक्षकाला दिसतो. फोरम म्हणजे चावडी. एकानं विषय काढायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहायची, आणि सगळं सगळ्यांना दिसतं. प्रत्येक ॲक्टिव्हिटी केली की हिरवी टिक येते. सगळ्या टिका आल्या की सिस्टिम आपोआप सर्टिफिकेट देते. एक जरी राहिली तरी नाही.

आमचा कोर्स होता शेळी-मेंढीपालन आणि प्रथमोपचार. दोन बॅच होत्या. साताऱ्याकडच्या बॅचमध्ये बहुतेक रिटायर झालेले फौजी. पेन्शन चालू, हात रिकामे, म्हणून गोठा घातलेला. जतच्या बॅचमध्ये पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतल्या बायका. त्यांना हे सर्टिफिकेट हवं होतं पशुसखी व्हायला. पशुसखी म्हणजे गावातल्या शेरडामेंढरांना जंताचं औषध देणारी, लसीच्या दिवशी डॉक्टरांसोबत फिरणारी, अडीनडीला पहिली धावणारी बाई. गावातल्या महिला संघानं ठरवलं होतं, सर्टिफिकेट असलेली आपल्या गावची बाई मिळाली तर तिलाच नेमायचं. नाही मिळाली तर तालुक्याहून कुणीतरी माणूस येणार.

जतच्या बॅचमधल्या महादेवीला ते काम हवं होतं. पहिल्या दिवशीच ती मला म्हणाली होती, "मॅडम, शेताला जाती तशीच ह्या कामाला जाईन. पर शेतात मला कोण विचारत न्हाई, हितं विचारतील."

म्हणून सर खोलीतून गेल्यावर मी पहिला फोन तिलाच लावला.

"महादेवीताई, फोरमवर काय लिहिलं नाही अजून?"

"क्विझ केली की मॅडम. गृहपाठ बी टाकला. पोटफुगीचा इडिओ तर तीनदा बघितला."

"ते दिसतंय मला. चर्चेत का नाही लिहिलं?"

मागं कुणीतरी भांडी आपटत होतं. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"चर्चेत नगं, मॅडम."

"का वो?"

"आवं, तुमी जतच्याच न्हवं? तुमाला काय सांगायचं मी? आमच्यातल्या सुनंदानं परवा लिवलं. लगीच तिच्या मालकाच्या मोबाईलवर टिंग वाजलं. 'सुनंदा यांनी चर्चा सुरू केली आहे.' मालक इचारतोय, कसली चर्चा लावलीस गं? तिनं आधी पुसलं, मग सैपाक केला."

मी कपाळाला हात लावला.

आमच्या मराठी स्क्रीनवर फोरमचं नाव होतं 'चर्चा'. पुस्तकात ते बरोबर आहे. साताऱ्याच्या सुभेदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही, पुरुषांची चर्चा म्हणजे चार जाणती माणसं बसली असाच अर्थ होतो. पण आमच्या भागात बाईची चर्चा झाली याचा अर्थ एकच. मी कॉलेजला निघाले तेव्हा चुलती म्हणाली होती, "शिक बाई, पर गावात चर्चा नगं." त्याच शब्दाचं बटण करून आम्ही पंचवीस-तीस बायकांच्या हातात दिलं होतं. वर हाताशी मोबाईल कुणाचा, तर नवऱ्याचा नाहीतर दिराचा. आणि सिस्टिम नावानिशी दवंडी पिटत होती.

शब्दाचाच घोळ आहे, असं मला वाटलं. नाव बदलायला काय लागतं? मी 'चर्चा' काढून 'गप्पा' केलं. ते टिंग बंद केलं. खूश होऊन घरी गेले.

दोन दिवसांनी महादेवीचाच फोन.

"मॅडम, ह्ये तर त्याच्यापेक्षा वंगाळ झालं."

"आता काय झालं?"

"सासूबाईला वाचाय येतंय. त्यांनी वाचलं, गप्पा. म्हणत्यात, गप्पा हाणायला घेतलाय व्हय मोबाईल? कोर्स कोर्स म्हणतीस त्यो ह्योच का?"

मला हसू आलं. मग तीही हसली, पण थोडंसंच. "हसताय काय मॅडम, माझं सर्टिपिकेट चाललंय."

तिचं बरोबर होतं.

भोसले सरांचा तोडगा सोपा होता. फोरम काढा, आणखी एक क्विझ टाका, टिका येतील, सर्टिफिकेट मिळेल. सर वाईट माणूस नाहीत. पण मला ते पटेना. क्विझमध्ये चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. गोठ्यात शेळी चार पर्याय घेऊन उभी राहत नाही. पशुसखीला दुसऱ्याला विचारता आलं पाहिजे आणि दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. तेवढ्यासाठीच मी फोरम सक्तीचा केला होता.

जतला आमचा महिन्यातून एकदा समोरासमोरचा वर्ग असतो. त्या वेळी मी कोर्स शिकवणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांसोबत स्वतः गेले. वर्ग शाळेच्या एका खोलीत. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" सगळ्या खाली बघत बसल्या. कुणीही हात वर केला नाही. वर्ग सुटला आणि चहा आला. मग खोलीत जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता.

"चंद्रीचं काय झालं गं?"

"बरी हाय. पर खातीय कुठं?"

"आमची मोरी अशीच करायची. दात बघितलं का?"

"काळीला जुळी झाली. एक पीतंय, एक पीत न्हाई."

"त्याला बाटली लाव की बये. इडिओत सांगितलंय."

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. या बायकांना बोलायला येत नव्हतं असं नाही. 'तू काय केलंस, तुला काय वाटतं' असं कुणी कुणाला विचारतच नव्हतं. सगळं चाललं होतं ते शेरडांच्या नावानं. शेळी आजारी पडली, शेळीनं खाल्लं नाही, शेळी उठली. बाई मधे कुठंच नव्हती, आणि तरी सगळं ज्ञान तिचंच होतं.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की फोरम नको, डेटाबेस वापरायचा.

डेटाबेस हे एलएमएसमधलं असं साधन आहे की ज्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. नाव रुक्ष, दिसायलाही रुक्ष. पण ते म्हणजे कोरा नमुना असतो. कोणते रकाने ठेवायचे, पानावर काय दिसू द्यायचं, हे आपण ठरवायचं. मी चार रकाने केले. जनावराचं नाव. फोटो. काय झालं. काय केलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात जनावराचं नाव येईल असं पान बांधलं. लिहिणारीचं नाव दाखवणारी एक ओळ त्यात मुळातच असते. ती मी काढून टाकली. आणि ॲक्टिव्हिटीला नाव दिलं 'शेरडं-मेंढरं'. सासूबाईंनी वाचलं तरी काय म्हणणार होत्या?

एक गोष्ट मात्र मला काढता आली नाही. खाली कुणी उत्तर लिहिलं, की त्याला नाव लागतंच. मी जरा घाबरले. मग चहाच्या वेळचं आठवलं. दुसरीच्या शेळीवर उपाय सांगताना कुणी आवाज खाली केला नव्हता. विचारणारी लाजते, सांगणारी लाजत नाही. राहू दिलं.

भोसले सर मात्र ऐकेनात.

"लिहिणाऱ्याचं नाव नाही? मग कुणी काय लिहिलं कळणार कसं?"

"सिस्टिमला कळतं सर. तुम्हाला कळतं, मला कळतं, डॉक्टरांना कळतं. फक्त दिराला कळत नाही."

"आणि वरून विचारलं तर? कोर्सच्या कागदावर 'सहाध्यायींशी चर्चा' असं लिहिलंय आपण."

"साताऱ्याची चर्चा उघडा ना सर एकदा."

सरांनी उघडली. पहिली पोस्ट, 'जय हिंद.' खाली 'जय हिंद साहेब.' मग 'सहमत.' मग गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात.' मग एका सुभेदारांचं 'वरील सर्वांशी सहमत'. सर खाली खाली जात राहिले. शेळी काही येईना.

"आपला तो खांब ह्याचाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"ह्याचाच सर."

सर स्वतः साताऱ्याचे. थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आमची माणसं शिस्तीची आहेत हो. एकानं सॅल्यूट केला की सगळे करणारच." आणि मग, "महिनाअखेरपर्यंत बघा. नाही झालं तर क्विझ."

पहिले दोन दिवस पान कोरंच. मी दर तासाला उघडायचे आणि बंद करायचे. तिसऱ्या दिवशी एक नोंद आली. वर मोठ्या अक्षरात, 'चंद्री'. फोटोत एक ढवळी शेळी, डावी कूस ढोलासारखी. काय झालं: 'ओल्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडली. फुगली.' काय केलं: 'गोडेतेल पाजलं. हळूहळू, जबड्याच्या कडंनं. पुढचे पाय उंचावर ठिवले. पोट चोळलं. आता लेंड्या टाकल्या.' खाली डॉक्टरांनी लिहिलं, 'योग्य केलंत. आज हिरवा चारा बंद, कोरडी वैरण द्या.'

त्याखाली सुनंदाचं उत्तर आलं. आमच्याकडं पण असंच झालं होतं, म्हणून. मग मोरीचं पान आलं. मग काळीचं. मग एका मेंढीचं पान, नाव 'नाव न्हाई'. एका नोंदीत अर्धे शब्द कानडी होते, डॉक्टरांना कळेनात, तर खाली दुसऱ्या दोघींनी मराठी करून दिलं. कुणी चुकीचंही लिहिलं. एकीनं खुराच्या जखमेला बॅटरीची काळी पूड लावली होती. तिला तिघींनी मिळून झापलं, आणि ते झापणं आमच्या धड्यापेक्षा चांगलं होतं.

महिनाअखेरीला जतच्या सगळ्या टिका हिरव्या होत्या. सरांनी स्वतः सही केली. वरून विचारणा झाली नाही, कुणी कधी विचारतही नाही. साताऱ्याच्या पुढच्या बॅचलाही आता डेटाबेस आहे. तिथं 'जय हिंद' लिहायला रकानाच नाही.

महिला संघानं महादेवीला नेमलं. तिनं फोन करून कळवलं. आनंद झाला होता, पण फोन ठेवेना.

"अजून काय आहे का, ताई?"

"हाय की. मॅडम, त्या पानावर वर चंद्रीचं नाव हाय."

"हो. तसंच ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं हुतं तवा. आता बाकीच्या गावांतल्या बायका त्ये पान बघत्यात. आवं, तेल मी पाजलं, पोट मी चोळलं, आन् नाव नुसतं चंद्रीचंच व्हय? तिनं काय केलं, फुगली! माझं बी टाका की खाली."

"सासूबाई?"

"त्याच म्हणल्या, टाक म्हणून."

मी बाकीच्या बायकांना विचारलं आणि पानाच्या तळाला नावाची एक ओळ घातली, हवी तिनंच भरायची अशी. ज्या हो म्हणाल्या त्यांच्या पानावर खाली नाव आलं, ज्या नको म्हणाल्या त्यांचं आलं नाही. नको म्हणणाऱ्या दोघीच निघाल्या.

ती ओळ काढायला किंवा घालायला एक मिनिट लागतं, आणि कशी घालायची ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं आहे. कधी घालायची ते दिलेलं नाही. ते ज्याचं नाव आहे त्याला विचारावं लागतं.