कॅप्टन साहेबांची बिनघंटीची सायकल

काम भरपूर असलं की किस्से होत नाहीत, मित्रांनो! किस्से होतात ते माणसं रिकामी बसून राहिली की. आणि हेलिकॉप्टरच्या बेसवर जेवढं रिकामं बसणं असतं, तेवढं गोंदियाच्या स्टेशनावर गाडी लेट असतानाही नसतं. तासभर उडायचं आणि दिवसभर हुकमाची वाट पाहायची. मग दुसऱ्याच्या खोड्या मोजण्याशिवाय माणूस करणार काय?

मी गोंदियाजवळच्या अशाच एका बेसवर इंधनाची गाडी चालवायचो. खेड्यापाड्यात मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. खाजगी कंपनीचं एक हेलिकॉप्टर, एक पायलट आणि आम्ही चार-सहा माणसं. बड्या साहेबांना न्यायचं, आणायचं. आज त्या जागेवर गवत आहे. काऊन, म्हणजे का, ते शेवटी सांगतो.

पायलट म्हणजे कॅप्टन निमकर. पुण्याचे. उडवण्यात एक नंबर, त्यात वादच नाही. पण जमिनीवर उतरले की या माणसाला दोन नाद, डोंगरातली सायकल आणि कॉफी.

*

सायकल रेल्वेनं आली, खोक्यात. कॅप्टन साहेबांनी स्वतःच्या हातानं जोडली. माझ्या मोटारसायकलीपेक्षा ती महाग असल्याचं म्हणाले. आम्ही सगळे भोवती उभे. आमच्या कँटीनच्या रेखाबाईही पोळ्या टाकून पाहायला आल्या.

बाईंनी सायकलीला एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग म्हणाल्या, "साहेब, हिले स्टँड नाई. कॅरिअर नाई. मडगार्ड नाई. घंटीबी नाई."

"नसतंच," कॅप्टन साहेब म्हणाले. "माउंटन बाइक आहे ही."

बाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, चोरीची असन. पळवता पळवता सगळं खोलून घेतलं कोणतरी."

*

आता माउंटन बाइक आली, पण माउंटन कुठून आणायचा? आमचे पूर्वज म्हणे माळव्यातून इकडे आले, ते धानासाठी आले. डोंगरासाठी यायला त्यांना वेड लागलं नव्हतं! नजर जाईल तिथवर सपाट बांध्या, म्हणजे आमची धानाची शेतं.

कॅप्टन साहेबांनी तोड काढली. बांध्यांमधल्या वीतभर धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, सायकल चालवायची. "बॅलन्सची प्रॅक्टिस होते," म्हणाले.

धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. पाचव्या धुऱ्यावर बॅलन्स गेला आणि कॅप्टन साहेब सायकलीसकट चिखलात. नुसते पडले नाहीत, उठायच्या नादात चांगले लोळले. शेताचा मालक धुऱ्यावर उभा राहून शांतपणे पाहत होता.

"साहेब," तो म्हणाला, "आमची चिखलणी कालच झाली. तुमी कायले त्रास घेऊन राहिले?"

*

हसायचो आम्ही, पण प्रत्येक वेळी आधी त्यांचे हात-पाय हलतात का ते पाहायचो. पायलटचं हाड मोडलं, की तो उडायला अनफिट. आणि बेसवर दुसरा पायलट नाही. हेलिकॉप्टर उभं राहिलं, की कंपनी बेस गुंडाळणार आणि आम्ही सगळे घरी. म्हणजे आमच्या चुली त्या एका माणसाच्या हाडांवर पेटत होत्या, आणि तो माणूस ती हाडं धुऱ्यावरून फिरवत होता!

त्यात कॉफी. उड्डाणाच्या आधी गोंदियाचे डॉक्टर साहेब येऊन रोज बीपी बघायचे. कॅप्टन साहेब पहाटेपासून कॉफी पिऊन बसलेले, त्यामुळे बीपी नेहमी काठावर. एक दिवस डॉक्टर वैतागले.

"कॅप्टन साब, साफ बोलता हूँ. या तो कॉफी छोड़ दो, या हेलिकॉप्टर."

कॅप्टन साहेब गंभीर झाले. खिडकीतून हेलिकॉप्टरकडे पाहिलं, हातातल्या मगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोचने का थोड़ा टाइम दीजिए."

*

ती कॉफी करायचा थाट तर विचारूच नका. बिया चिकमगळूरहून यायच्या. त्या सोनाराच्या काट्यावर तोलायच्या, हातानं दळायच्या, पाण्यात थर्मामीटर घालायचा. आमच्या इथं लेकराला ताप आला तरी कोणी इतक्यांदा थर्मामीटर लावत नाही. आणि एवढं करून दूध नाही, साखर नाही!

एकदा त्यांनी प्रेमानं सगळ्यांना घोट-घोट दिला. रेखाबाईंनी तोंडात घेतला, गिळला, पदरानं तोंड पुसलं.

"साहेब, कोणाचं सुतक हाय का आज?"

पुढच्याच आठवड्यात कॅप्टन साहेब उड्डाणावर गेले असताना बाईंनी त्यांचा दळून ठेवलेला सगळा डबा पातेल्यात उलटा केला. म्हशीचं दूध, साखर, आलं आणि दोन वेलदोडे. तीन उकळ्या आणल्या. आम्ही दोन-दोन कप प्यालो. खोटं कशाला बोलू, फक्कड झाली होती!

साहेब आले. रिकामा डबा पाहिला. उलटा करून झटकला.

"फुकट चालली होती साहेब," रेखाबाई म्हणाल्या. "सुधरवली."

*

आकाशातून कॅप्टन साहेबांना आमचा जिल्हा तोंडपाठ होता. आमच्याकडं तलावच तलाव, आणि ते तलावांच्या आकारावरून वाट ओळखायचे. पण खाली उतरला की हाच माणूस हरवायचा. कारण जमिनीवरून तलावाची दिसते फक्त पाळ, मातीचा बांध. आकार दिसतो कुठं?

एका संध्याकाळी त्यांचा फोन. "अहो, मी रस्ता चुकलोय."

"कुठं आहात?"

"एका तलावाजवळ."

गोंदिया जिल्ह्यात 'तलावाजवळ' म्हणजे जंगलात 'झाडाजवळ'!

"कोणता तलाव, साहेब?"

"तो हो, वरून चपलेसारखा दिसतो तो!"

आता मी दहा जणांना विचारलं, चपलेसारखा तलाव कुठं आहे? लोक माझ्याकडंच संशयानं पाहायला लागले. शेवटी मी म्हटलं, साहेब, जवळ कोणी असेल त्याला फोन द्या. त्यांनी एका गुराख्याला दिला.

"कोणता तलाव हाय भाऊ तो?"

"हा? तुमच्या हेलिकॉप्टरवाल्यायच्या मांगचाच. हा मानूस सायकल घेऊन कवाचा पाळीले चकरा मारून राहिला!"

*

मग डोंगराचा शोध लागला. तिरोड्याकडं बोदलकसाच्या जलाशयाजवळ टेकड्या आहेत. एका रविवारी मी जीपमधून त्यांना आणि सायकलीला तिथं नेलं. नेमकं त्याच आठवड्यात कंपनीच्या मॅनेजरनं बजावलं होतं, की वर्षाचं कंत्राट संपत आलंय. येत्या दौऱ्यात कंत्राटावर सही करणारे मुंबईचे बडे साहेब आपल्या हेलिकॉप्टरनं येणार. ते खूश झाले तर बेस राहील, नाही तर राम म्हणा.

"साहेब, आजच्या दिवस राहू द्या ना," मी हात जोडले.

"काही होत नाही हो!"

झालं! उतारावर सायकल थांबली आणि कॅप्टन साहेब थांबले नाहीत. पुढच्या चाकावरून थेट करवंदीच्या जाळीत. कोपर सोलून निघालं. शेजारी मासे विकणारी एक म्हातारी बसली होती. ती धावली. माशांना चोळायची हळद तिच्या कमरेच्या पुरचुंडीत होती, तीच तिनं साहेबांच्या कोपराला चोळली. साहेब जन्माचे शाकाहारी. डोळे मिटून सोसत राहिले.

"काऊन चालवता रे बाप्पा, येत नाई त?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाही वर केली. "ये पीला क्या है?"

"हळदीचा कार्यक्रम होता," कॅप्टन साहेब पुटपुटले. "लग्न."

डॉक्टरांनी कोपर नाकाजवळ नेलं. "शादी में मच्छी थी?"

पण कोपर वाकत होतं, हाड शाबूत होतं, आणि भीतीनं कॉफी न प्यायल्यामुळे बीपी पहिल्यांदाच झकास होतं. फिट!

*

दौऱ्याचा दिवस आला. कार्यक्रम बोदलकसाजवळच, शाळेच्या मैदानावर. कशाचा, तर तिथल्या रस्त्याच्या भूमिपूजनाचा! रस्ता इतका खराब, की त्याचं भूमिपूजन करायला साहेबांना हवेतून यावं लागलं.

मी इंधनाचे ड्रम घेऊन आधीच पोचलो होतो. कॅप्टन साहेबांनी हेलिकॉप्टर असं उतरवलं, की ताटातलं वरण हललं नसतं. बडे साहेब खूश. नारळ फुटला, भाषण झालं. मॅनेजरनं मला डोळा मारला. मी मनात रेखाबाईंना म्हटलं, वाचलो!

बड्या साहेबांनी हेलिकॉप्टरमध्ये एक पाय टाकला. तेवढ्यात गर्दीतून माशांची टोपली घेतलेली ती म्हातारी पुढं घुसली.

"अगं माय! हा त तोच होय! ह्याच टेकडीवर सायकलवरून उलथला होता! दोन चाकं सांभाळता येत नाई अन् साहेबाले वरतं घेऊन चालला!"

मैदान हसलं. बडे साहेब हसले नाहीत. पाय आत तसाच.

"कॅप्टन, ही बाई म्हणते ते खरंय?"

"सर, सायकल वेगळी, हे..."

"किती वेळा पडलात?"

नाही म्हणायचं ना! निदान एकदा म्हणायचं! पण पुण्याचा माणूस, उत्तर अचूक पाहिजे.

"या महिन्यात, सर, की एकूण?"

बड्या साहेबांनी पाय बाहेर काढला. मॅनेजरनं डोक्याला हात लावला. दोन मिनिटांत तहसीलदारांची गाडी साहेबांना घेऊन त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून, धूळ उडवत गेली, आणि तिच्यामागं आमचं कंत्राट गेलं.

मैदान रिकामं झालं. कॅप्टन साहेब हेलिकॉप्टरच्या पायरीला टेकून उभे. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण त्यांचा चेहरा पाहून ती गिळली. म्हातारी मात्र तिथंच, पात्याकडं पाहत.

"मंग आता हे रिकामंच जाऊन राहिलं का गोंदियाले?"

"हो, आजी," कॅप्टन साहेब म्हणाले.

"मले सोड ना बजारात. मासे खराब होऊन राहिले."

कॅप्टन साहेब तिच्याकडं वळले. "आजी, आत्ता तुम्हीच ओरडलात ना, मला चालवता येत नाही म्हणून? भीती नाही वाटत?"

म्हातारीनं टोपली माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं आणि पायरीवर पाय ठेवला.

"भीती कायची? पडलास त हळद हाय ना माह्यापाशी!"