नामपल्लीत कोठी कुठं?

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे नक्की झालं, तेव्हा नल्लकुंट्यातल्या आमच्या गच्चीवर नाटकाचा वर्ग भरत होता. मराठी मुलखात निघून जायला निम्म्या मराठी घरांत ट्रंका बांधून तयार, आणि आम्ही कॉलेजातली पोरं-पोरी रंगमंचावर चालायचं कसं ते शिकत होतो. मला तर तहानभूक सुचत नव्हती!

शिकवायला आमचे वरच्या खोलीतले भाडेकरू. दिवसा कचेरीत कारकून, संध्याकाळी आमचे मास्तर. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, आणि चूक झालीच तर ती नाटकातच होती असं समजून पुढं जायचं. एवढं जमलं. डावं-उजवं मात्र जमेना. रंगमंचाची डावी बाजू म्हणजे नटाची डावी, बघणाऱ्याची नव्हे, हे काही केल्या टाळक्यात शिरेना. शेवटी मास्तरांनी हात टेकले.

"डावीकडे कोठी, उजवीकडे युनिव्हर्सिटी. बास!"

आमच्या गच्चीवरून तसंच होतं, डाव्या हाताला कोठीचा बाजार, उजव्या हाताला युनिव्हर्सिटी. नाटकातल्या घराचं बाहेरचं दार कोठीकडे, स्वयंपाकघर युनिव्हर्सिटीकडे. त्या दिवसापासून एकाचंही पाऊल चुकलं नाही.

वडील खाली अंगणात पेपर घेऊन बसायचे. मुलीनं नाटकात काम करणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "एक नाटक कर. मी येऊन बघतो. मग सांगतो, पुढं करायचं का नाही," एवढंच म्हणाले होते. मला तर जन्मभर तेच करायचं होतं!

प्रयोग नामपल्लीतल्या एका हॉलात होता. तिथं तालीम करायला मिळालीच नव्हती. माझं काम सासरहून आलेल्या लेकीचं. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला. हातात पिशवी घेऊन मी विंगेत उभी. माझ्या आधीचं वाक्य ऐकू आलं आणि मी ऐटीत कोठीकडून आत शिरले.

खऱ्या कोठीकडून! नामपल्लीत उभं राहून कोठी कुठं, हे का हैदराबादच्या पोरीला सांगावं लागतं? पण इथं ती नटाच्या उजव्या हाताला होती. माझी वाट बघत आईचं काम करणारी मैत्रीण बाहेरच्या दाराकडे तोंड करून उभी, आणि टांग्यातून उतरलेली मी निघाले स्वयंपाकघरातून. समोरच्या विंगेत मास्तरांनी कपाळाला हात लावला.

मैत्रीण वळली. "अगं बाई, मागच्या दारानं?"

"मग काय करू? पुढच्या दारात तुमच्या ट्रंका! लेकीला यायला वाट ठेवलीय कुठं?"

हॉल असा हसला की बस! मागून कुणीतरी ओरडलं, "हौ, सच्ची बात!" टाळ्या थांबेनात. घरोघरी दारात ट्रंकाच होत्या ना.

परतताना रिक्षात, काचीगुडा मागं पडल्यावर वडील म्हणाले, "ते ट्रंकांचं नाटकात नव्हतं."

"नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"रोज अंगणात बसून ऐकतोय. पाठ झालंय सगळं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या खेपेला नामपल्लीची कोठी विसर. आपल्या गच्चीवरची धर."

पुढच्या खेपेला! मी चालत्या रिक्षात ताडकन उभी राहिले.

"बस खाली," वडील म्हणाले, "पडशील."