मी नॉर्मंडीला जाऊन आलो असं अकोल्यात ठरलं तेव्हा

बसा, पण विडा आधी चावून घ्या. ही गोष्ट ऐकताना तुम्ही हसणार आणि तो माझ्या सदऱ्यावर उडणार, हे मला ठाऊक आहे. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. दुसऱ्यानं सांगितली की तो तिला फार तिखटमीठ लावतो!

तर कापसाला सोन्याचे दिवस आले होते तेव्हाची गोष्ट. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि साऱ्या जगाला एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. गाड्याच गाड्या, बैल, धूळ, आरडाओरडा! मी तिथला दलाल. दिवसभर रुमालाखाली लोकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, हा आपला धंदा.

त्या गर्दीत एक दिवस मुसा आला. फ्रान्सच्या माणसाला आपल्याकडे जुन्या काळापासून मुसाच म्हणतात. त्याचं खरं नाव घेताना माझी जीभ दातांत अडकायची, म्हणून मीही मुसासाहेब म्हणायचो. त्याचा मुलूख नॉर्मंडी. तिथल्या कापडगिरण्या कापसावाचून उपाशी बसल्या होत्या, म्हणून स्वारी थेट आमच्या दारात.

माणूस मात्र लाखातला! आमच्या ठेच्यानं डोळ्यांतून धारा लागल्या तरी “अच्छा, बहुत अच्छा” म्हणत दुसरी भाकर मागायचा. आपली जुनी देवळं, वेशी, विहिरी, इतकंच काय, चाकाला धाव चढवणारा लोहारसुद्धा तो तासन्‌तास पाहत उभा राहायचा. मला तो मनापासून आवडला.

या मुसापाशी एक लाकडी डबा होता. डोळ्यांना लावायला दोन भोकं, भोकांना चामड्याची कड, आणि समोर एक पुठ्ठा अडकवायचा. पुठ्ठ्यावर एकच चित्र दोनदा. नुसतं पाहिलं तर काही नाही. पण डब्यातून पाहिलं की, बाप्पा! सगळं खरोखरीचं समोर उभं! पहिल्याच दिवशी त्यातली घोडागाडी अंगावर येते असं वाटून मी मागे सरकलो, तो सरळ कापसाच्या ढिगात उताणा पडलो.

मग काय, नादच लागला. दुपारी बाजार उठला की मी मुसाच्या अंगणात. सगळी चित्रं नॉर्मंडीची. नदीकाठचं त्याचं गाव, लाकडी पट्ट्या घालून बांधलेली एकमेकींना टेकलेली घरं, लोण्याचे गोळे विकणाऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्या, आणि गावाच्या मधोमध दगडी देऊळ. त्या देवळाचं कोरीव काम! मी आपला हात जोडायचो. सांगायला लाज कसली, त्या मुलखावर माझा जीव जडला होता.

मुसा एकेक चित्र लावायचा, अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं हिंदीत काहीतरी सांगायचा आणि विचारायचा, “समझा, दलालजी?”

“समझा!” मी म्हणायचो.

समजलेलं काहीच नसायचं. पण अमरावतीच्या बाजारातला दलाल ‘समजलं नाही’ असं कधी म्हणतो का? निम्मं मी चित्रावरून ताडायचो आणि उरलेलं माझ्या अकलेनं भरून काढायचो.

त्याच साली माझ्या लेकीची, रुखमाची सोयरीक अकोल्याला जुळली होती. पुंजाजी म्हणजे तिकडचे मोठे शेतकरी. घर भरलेलं, मुलगा शहाणा, आणि रुखमाला तो आवडलेलाही होता. लग्नाचा दिवस ठरवायला मी अकोल्याला गेलो. बैठकीला दहा-पंधरा माणसं होती. त्यातल्या एकानं सहज विचारलं, “अमरावतीले मुसा आला म्हंते. कसा हाय जी त्याचा मुलूख?”

झालं! माझी गाडी उताराला लागली.

“नदीच्या काठानं वर गेलं का उजव्या हाताले मोठ्ठं देऊळ लागते. अन् बाजार तं काय सांगू! बाया टोप्या घालून लोणी इकतेत. पन काय शिस्त! काय सफाई!”

“तुमी सोता पायलं काय, उकंडजी?” पुंजाजींनी विचारलं.

“मंग? या डोयानं पायलं! एक डाव नाई, शंभर डाव!”

आता तुम्हीच सांगा, यात मी खोटं काय बोललो?

बैठक एकदम गप्प झाली. मला वाटलं, भारावले बिचारे! म्हणून मी आणखी रंगवून सांगितलं. जेवणाच्या वेळी सगळ्यांची पानं आत मांडली आणि माझं एकट्याचं बाहेर ओसरीवर. पाट वेगळा, तांब्या वेगळा, वाढणारी बाई चार हात लांबून वाढत होती. मी मनात म्हटलं, होणाऱ्या व्याह्याची काय ही बडदास्त! खुशीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांनी पुंजाजींचा माणूस अमरावतीला आला. त्यानं सोयरिकीचा नारळ आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि लांबूनच म्हणाला, “सोयरीक मोडली. समुद्र वलांडून आलेल्या मानसाची पोरगी आमाले नाई चालत. पंचाईनं तुमाले अकोल्याले बलावलं हाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या काळी समुद्र ओलांडला की माणूस जातीबाहेर. ती ओसरी, तो वेगळा तांब्या, ती बडदास्त नव्हतीच! मला वाळीत टाकलं होतं, आणि मी दोन भाकरी जास्त खाऊन आलो होतो.

रुखमा घरात तोंड झाकून रडत होती. बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“कोठी गेल्ते तुमी समुद्रात? कवा गेल्ते?”

“अवो, म्या तं तळ्याच्या पुढचं पानीच पायलं नाई!”

“मंग लोकं काहून म्हंतेत?”

लोक म्हणायला कारणही होतं. आदल्या साली मी चार महिने गावात नव्हतो. धारणीकडे गेलो होतो, तिथल्या जंगलात हिवतापानं गाठलं आणि तिथंच पडून राहिलो. पण धारणीत चार महिने कोण राहतो, असं लोकांचं म्हणणं. पंचांपैकी एक जण तर छातीठोकपणे सांगत होता की चार महिन्यांत फ्रान्सला जाऊन येणं होतं. तो स्वतः उभ्या जन्मात अकोल्याशेजारच्या बार्शीटाकळीच्या पलीकडे गेला नव्हता!

मी धावत मुसाकडे गेलो. “साहेब, अकोला चलो! डब्बा लेके चलो! मेरी बेटी का सवाल है!” समुद्राची भानगड मी त्याला समजावून सांगितली, पण त्याच्या ध्यानात आलं ते एवढंच, की अकोल्याच्या लोकांना त्याचा मुलूख पाहायचा आहे. तो इतका खूश झाला, की ठेवणीतला कोट घालून निघाला.

तो त्याच्या घोड्यावर, मागे बैलांच्या दमणीत मी, बायको आणि रुखमा. वाटेत बायकोनं मला पढवलं.

“डब्याचा भरोसा नाई. पंचाईनं काही इचारलं तं सारं उलटं सांगजा. येड्यावानी करजा. पोरीचं लगन हाय, तुमची अक्कल पाजळू नोका!”

“नाई पाजळत,” मी कबूल केलं.

अकोल्याला देवळाच्या मंडपात पंच बसले होते. पुंजाजी एका बाजूला खाली मान घालून बसलेले, बायका खांबाआड. मी डबा पुढे केला आणि म्हणालो, “म्या जे पायलं ते याच्यात पायलं. पाहा तुमी.”

मुख्य पंच तुळसाजी. म्हातारा, पण नजर घारीची. त्यांनी डबा लांबूनच न्याहाळला. “याले चामडं हाय. डोयाले चामडं कोन लावीन?” डबा तिथंच निकालात निघाला.

मग तुळसाजींनी युक्ती काढली. “उकंडजी, तुमी त्या मुलखाचं सांगा. मुसा आयकते अन् खरं का खोटं ते सांगते. बरोबर निंघालं तं तुमी गेल्ते. चुकलं तं नाई गेल्ते.” मुसाला मात्र यातलं काही सांगायचं नाही, माझं बोलणं तेवढं एका पंचानं त्याला हिंदीत सांगायचं, असंही ठरलं. तो आपला हसतमुखानं माझ्यासमोर मांडी घालून बसला.

मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदराआडून खूण केली, उलटं!

आता उलटं सांगायचं म्हणजे काय, की ते देऊळ कुरूप आहे? त्या म्हाताऱ्या घाणेरड्या आहेत? मी तोंड उघडलं, आणि समोर तो मुसा, स्वतःच्या मुलखाचं कौतुक ऐकायला कान टवकारून बसलेला! नाही हो, माझ्यानं झालं नाही. ती सगळी चित्रं डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि मी सुटलो.

“लय भक्त लोकं तिथले! बाया सकाळीच नदीवर जातेत. काठावर एकेक लाकडी चौकट, तिच्यात गुडघे टेकून बसतेत अन् हातात लाकडाचा देव घेऊन नदीची पूजा करतेत!”

खांबाआडून बायकोनं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. पण आता थांबतो कोण?

“अन् थंडी अशी, का लोकं छपरावर हातभर कापूस पसरून ठेवतेत. घराले दुलई! सारं गाव पांढरंशुभ्र. म्हनून तं त्याहिले आपला कापूस लागते!”

मुसाचं हसू मावळलं. तोंड मात्र उघडंच राहिलं.

“अन् दोन किल्ले हायेत, अगदी सारखे. दोघा सख्ख्या भावाहिनं बांधले. थोरल्यानं वाळवंटात, धाकट्यानं भर पान्यात. काय भाऊप्रेम! धोंडा न् धोंडा सारखा!”

बोलून झालं आणि भानावर आलो. मेलो! सगळं खरं खरं सांगून बसलो! पोरीचं लग्न माझ्या जिभेनं बुडवलं.  तुळसाजींनी मुसाला विचारलं, “क्यूं साहब, सच है?”

 मुसाचे खांदे हलायला लागले. मग तो जो हसला, तो टोपी काढून मांडीवर आपटत हसला!

“देव नहीं, दलालजी! लकडी! औरत लोग कपडा पीटता, कपडा धोता! और कपास नहीं, बर्फ! आसमान से गिरता! किला दो नहीं, एक! सुबह समुंदर दूर जाता, रेत. शाम समुंदर वापस आता, पानी!”

 मग पंचांपैकी एक जण उठला. तो कापूस घेऊन मुंबईला जाऊन आलेला होता.

“समुद्र मांगं जाते अन् फिरून येते, हे म्या मुंबईच्या काठावर पायलं हाय. जो एक दिवस समुद्रापाशी राह्यला, त्यालेबी हे समजते. या मानसानं समुद्र वलांडला नाई. यानं समुद्र आयकलाबी नसन!”

“गेला असता तं एवढा बैताड राह्यला नसता,” तुळसाजी म्हणाले, आणि पंचांचा निकाल लागला.

पुंजाजींनी उठून मला मिठीच मारली. “सोयरीक कायम, इवाई! पन एक अट हाय. लगनात वऱ्हाडी मंडळीले मुलखाबिलखाचं काही सांगू नोका.” सगळा मंडप हसला. खांबाआड रुखमाही हसली असं तिची आई सांगते.

निघताना मुसा माझ्याजवळ आला. आता तो हसत नव्हता. त्यानं माझे दोन्ही हात धरले. “दलालजी, तुम्हारा नॉर्मांदी मेरे नॉर्मांदी से बहुत अच्छा.” असा दिलदार माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

परतीच्या वाटेला लागलो. मग बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“काय सोंग घेतलं जी तुमी! मले तं घडीभर वाटलं का खरंच येडे झाले! धुन्याच्या लाकडाले देव करून टाकलं! पोरीसाठी साऱ्या अकोल्यात सोताचं हसू करून घेतलं तुमी. असा बाप कोनाचा असन?”

लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं. आता अशा वेळी माणसानं काय करावं?

मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, “पोरीसाठी येवढं तं कराच लागते.”