सरांच्या पुढे कोण जाणार

ती मालिका आम्ही पाच जणांनी अकोल्यात, जठारपेठेतल्या सरांच्या घरी पाहिली. दर रविवारी दुपारी चार वाजता, दोन-दोन भाग. सर म्हणजे दर्यापूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. निवृत्तीनंतर ते अकोल्यात राहायला आले आणि साठीनंतर गिअरची सायकल घेतली. दुसऱ्या काकू, त्यांच्या पत्नी. तिसऱ्या सिस्टर, बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. चौथा सायकलचा दुकानवाला. सिस्टर आणि दुकानवाला दोघेही सरांचे दर्यापूरचे विद्यार्थी. पाचवा मी. वर्तमानपत्रात बातम्या तपासून पाने लावण्याचे काम करतो. माझी पाळी सायंकाळी सुरू होते, त्यामुळे सकाळ आणि दुपार मोकळी असे. सकाळी काकू सोडून आम्ही चौघे सायकलवर बार्शीटाकळीपर्यंत फेरी मारत असू.

मालिकेचा विषय फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत. धंदेवाईक सायकलपटू, त्यांचे संघ, संघाच्या बसमधली भांडणे, डोंगर, पावसातले उतार. आम्ही हिंदी आवाज निवडला होता. काकूंना पहिल्या दिवशी त्याचीच गंमत वाटली. "हे गोरे पोट्टे आपल्या बँकेतल्या मॅनेजरवानी बोलून राहिले," त्या म्हणाल्या.

प्रत्येक जण आपापल्या कामाच्या डोळ्याने पाहत होता. एका भागात उतारावर वीसेक जण एकमेकांवर कोसळले. एकाची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत सोलली होती. तो उठला, सायकल सरळ केली आणि पुन्हा निघाला. सिस्टर पुढे सरकून पडद्याजवळ गेल्या.

"आत खडी असन त्याच्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी ब्रशनं घासून काढा लागते. पडल्यापेक्षा ते जास्त दुखते. अन् हा उद्या पुन्हा सायकलवर बसन."

तो दुसऱ्या दिवशी खरोखर बसला. सिस्टरांनी त्या भागात पुढे काही पाहिले नाही, फक्त त्याची पट्टी कुठे दिसते ते शोधत राहिल्या.

दुकानवाल्याचे लक्ष मेकॅनिकवर. गाडीतून उडी मारून एक माणूस चाक बदलतो आणि स्वाराला ढकलत काही पावले धावतो. दुकानवाल्याने तेवढा तुकडा मागे घेऊन पाहिला.

"तुह्या दुकानात ट्यूब बदलेपर्यंत चहा होऊन जाते," सर म्हणाले.

"सर, त्याले गिऱ्हाईक गप्पा नाई मारत," दुकानवाला म्हणाला.

या पाहण्यामागे सरांचे एक काम अडलेले होते. अकोल्याहून अमरावतीला जायचे आणि परत यायचे. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत, मध्ये आयोजकांच्या कार्डावर शिक्का घेऊन. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नसतो. वेळेत आलेला आणि वेळेत न आलेला, एवढेच दोन प्रकार. सरांनी आधी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळी सिस्टर आणि दुकानवाला बरोबर होते. पहिल्यांदा तिघेही चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले. दुसऱ्यांदा परतीच्या वाटेवर, कुरणखेडला, सर सायकलवरून उतरले आणि दोघांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. ते दोघे वेळेत पोहोचले. सर टेम्पोत सायकल टाकून आले.

त्या टेम्पोच्या प्रवासातून सरांनी निष्कर्ष काढला होता की अडचण आपले वय आहे. तिसरा प्रयत्न फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होता. नाही जमले तर सायकल दुकानात नेऊन उभी करायची आणि विकायला सांगायचे, हे त्यांनी दुकानवाल्याला आधीच सांगून ठेवले होते. "दम नाई राहिला आता," ते म्हणत. हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. शाळेत लांब उडीची अंतरे वाचून दाखवावीत, तसे म्हणत.

मालिकेच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा हिशेब आला. समोरचा माणूस वारा फोडतो, मागच्याला कमी जोर लागतो. म्हणून संघातला मुख्य स्वार मागे, आडोशाला राहतो. बाकीचे त्याच्यापुढे आळीपाळीने चालवतात, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, थकले की बाजूला होतात. मुख्य स्वाराला शेवटच्या चढापर्यंत ताजे ठेवायचे, एवढेच त्यांचे काम.

काकू कच्च्या चिवड्यात कांदा कालवत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारले, "म्हंजे जो मोठा, तो मागं?"

"हो काकू," सिस्टर म्हणाल्या.

"अन् तुमी सकाळी जाता बार्शीटाकळीले, तवा समोर कोन राहते?"

उत्तर सगळ्यांना माहीत होते.

"सर," दुकानवाला म्हणाला.

"येतानी?"

"सर."

"अन् अमरावतीहून येतानी, वाऱ्यात?"

दुकानवाला खाली पाहू लागला. "काकू, सरांच्या समोर कसं जाव?"

"अवो, पन मंग यायनं दोघायले वारा फोडून दिला सारा रस्ता," काकू म्हणाल्या. "अन् म्हनतेत दम नाई राहिला."

यात कोणाचा कावा नव्हता. सरांच्या पुढे न जाणे ही दर्यापुरातली सवय होती. प्रभातफेरीत सर सर्वांत पुढे, मागे पोरांची रांग. रांग मोडली की शिट्टी. शाळा सुटून पंचवीस वर्षे झाली तरी ते दोघे दारातून सरांच्या आधी आत जात नसत, पंगतीत सरांच्या आधी घास घेत नसत. रस्त्यावरही तेच चालले. फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. अमरावतीहून अकोल्याला येताना तो थेट छातीवर असतो. त्या वाऱ्यात शंभर किलोमीटर सर पुढे आणि दोन धडधाकट माणसे आदराने त्यांच्या मागे, अशी ही वरात दोनदा आली होती. दुसऱ्यांदा कुरणखेडपर्यंतच.

माझ्याबद्दलही लिहिले पाहिजे. बार्शीटाकळीच्या सकाळच्या फेरीत मीही होतो. सरांच्या मागे सायकल हलकी जाते, हे माझ्या लक्षात आले होते. सर आमच्यासाठी सावकाश चालवतात, असे मी समजत होतो.

सरांना काकूंचे बोलणे आवडले नाही. "पोरायच्या आडून जायचं असन तं एसटीनं जातो," ते म्हणाले आणि रिमोट दाबून भाग पुढे सुरू केला.

त्यांच्या बोलण्यात काही बदल झाला असेल तर तो पाचव्या भागानंतर. त्यात एका डोंगरावर एक मदतनीस स्वार दाखवला आहे. तोंड उघडे, मान तिरकी. तो आपल्या मुख्य स्वारापुढे बराच वेळ चालवतो. मग एका वळणावर त्याचे पाय थांबतात, तो बाजूला होतो, मुख्य स्वार पुढे निघून जातो. कॅमेरा मुख्य स्वाराबरोबर जातो. मदतनीस पडद्याच्या कडेला एक क्षण दिसतो आणि नाहीसा होतो.

सरांनी तो तुकडा तीनदा मागे घेतला.

"याचं नाव काय?"

सिस्टरांनी पडद्यावरची अक्षरे पाहिली. त्या जागी त्याचे नाव दिलेले नव्हते.

"हा कितवा आला?"

तेही नव्हते. पुढच्या दृश्यात मुख्य स्वार बक्षीस घेत होता आणि मग बसपाशी येऊन त्याने एका माणसाच्या गळ्यात हात टाकले. तो तोच मदतनीस होता. सर पुढे वाकून पाहत होते.

"पाहा," ते दुकानवाल्याला म्हणाले, "याचं तोंड पाहा. हा हारला नाई."

काकू म्हणाल्या, "माह्या बाबाची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळे. बक्षीस जोडी हाकनाऱ्या धुरकऱ्याच्या हातात देत. पन बाबा घरी आला की पह्यले बैलाची पाठ चोळे. जेवन मंग."

सरांनी हे ऐकले. सोमवारी सकाळी बार्शीटाकळीच्या रस्त्यावर, गाव संपल्यावर, ते वेग कमी करून डावीकडे झाले आणि दुकानवाल्याला म्हणाले, "हो समोर."

तो पहिला दिवस फसला. दुकानवाला पुढे गेला, पण दर विजेच्या खांबापाशी मान वळवून मागे पाहू लागला. एकदा तो रस्त्याच्या कडेच्या मुरमात उतरला. सिस्टरांची पाळी आली, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि मागे न पाहता विचारले, "सर, जाऊ का?" वर्गात बाहेर जायला परवानगी मागावी तसे. सरांनी जा म्हटले. पाचशे मीटरवर त्यांनी पुन्हा हात वर केला. "सर, येऊ का मागं?"

"तू रुग्नाले सुई टोचाच्या आधी मले फोन करत असतं का?" सर म्हणाले.

"सर, तो रुग्न राहते. तुमी सर हाये."

यावर तोडगा काकूंनी काढला. मंगळवारी त्यांनी कपाटातून सरांची शाळेतली पितळी शिट्टी काढली, चिंचेने घासली, नवी दोरी ओवली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "सांगनं सोडा," त्या म्हणाल्या. "वाजवा."

एक शिट्टी म्हणजे पुढच्याने बाजूला होऊन मागे यायचे आणि दुसऱ्याने पुढे जायचे. बुधवारी सकाळी हे पहिल्यांदा केले. दोघांनी एकदाही मागे पाहिले नाही, काही विचारले नाही. सरांच्या पुढे जाणे त्यांना जमत नव्हते. सरांच्या शिट्टीवर पुढे जाणे जमले. शेवटी तो हुकूम होता आणि हुकूम पाळण्यात बेअदबी नव्हती. सरांना मागे राहणेही त्यामुळे सोसले असावे. रांग कोणाच्या हातात आहे, हे स्पष्ट होते.

फेब्रुवारीच्या त्या रविवारी तिघे सकाळी सहा वाजता अकोल्याहून निघाले. मी आदल्या सायंकाळीच अमरावतीला गेलो होतो, कारण कार्डांवर शिक्के मारण्याचे काम मी मागून घेतले होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिघे आले. आधीच्या दोन्ही वेळीही ते जवळपास याच वेळेला आले होते, त्यामुळे यावरून काही कळत नव्हते. फरक एवढाच की मागच्या वेळी, सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे, सर आल्याबरोबर भिंतीला टेकून बसले होते, या वेळी ते उभे राहून केळे खात होते. गळ्यात शिट्टी होती. दुकानवाल्याचा शर्ट पाठीवर घामाच्या मिठाने पांढरा झाला होता.

"कसे आहात?" मी विचारले.

"मले काय झालं?" सर म्हणाले. "मी तं बसून येऊन राहिलो."

ते अर्ध्या तासाने निघाले. बडनेऱ्याच्या पुढे वारा असणार हे झाडांवरून दिसत होते. मी बाकीच्यांचे शिक्के उरकून दुपारच्या गाडीने अकोल्याला आलो. पुढचा रस्ता मी पाहिलेला नाही. सिस्टर आणि दुकानवाल्याने तो मला वेगवेगळ्या दिवशी सांगितला आणि दोघांचे सांगणे जुळले, म्हणून लिहितो.

मूर्तिजापूरपर्यंत सरांनी दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवली. कुरणखेड आले तेव्हा, जिथे ते मागच्या वेळी उतरले होते, तिथे त्यांनी चहाच्या टपरीकडे पाहिले, पण थांबू दिले नाही. नंतर दुकानवाल्याच्या मांड्या भरून आल्या. त्याची पाळी अर्धी करून सिस्टर जास्त वेळ पुढे राहू लागल्या. बोरगाव मंजूला सिस्टरांच्या पोटरीत गोळा आला. त्या उतरल्या, रस्त्याच्या कडेला बसल्या आणि स्वतःची पोटरी स्वतःच दाबू लागल्या.

"सर, तुमी व्हा समोर," त्या म्हणाल्या. "वेळ जाऊन राहिला. आमी येतो."

सरांकडे वेळ होता आणि पायांत जोरही होता. एकटे गेले असते तर आरामात पोहोचले असते. ते गेले नाहीत. पोटरी सैल होईपर्यंत घड्याळ पाहत उभे राहिले. सिस्टर सायकलवर बसल्यावर त्यांनी एक शिट्टी वाजवली आणि स्वतः पुढे झाले. "माह्या चाकाले चाक लावून ये," म्हणाले. तिथून अकोला अठरा किलोमीटर.

जठारपेठेतल्या मंगल कार्यालयाच्या फाटकाशी शेवटचा शिक्का होता. साडेसातपर्यंत. काकू सहापासून तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सव्वासातला कोपऱ्यावरून शिट्टी ऐकू आली आणि तिघे वळले. सर पुढे होते. काकू उठून उभ्या राहिल्या.

"समोर काहून?" त्यांनी सरांना विचारले. ते अजून सायकलवरच होते.

"जागा खाली होती," सर म्हणाले.

काकूंनी सिस्टरांच्या लंगडण्याकडे पाहिले. खुर्ची सिस्टरांकडे सरकवली.

सरांनी तिन्ही कार्डे गोळा करून टेबलावर ठेवली. वर सिस्टरांचे, मग दुकानवाल्याचे, खाली स्वतःचे. तिन्हीवर सात वाजून एकोणीस मिनिटे अशी वेळ पडली.

सायकल विकायचा विषय निघाला नाही. ती त्यांच्या व्हरांड्यात उभी आहे.

दुसऱ्या दिवशी मी चार ओळींची बातमी केली. आमच्या कचेरीतल्या पद्धतीप्रमाणे ज्येष्ठाचे नाव आधी घातले आणि खात्री करून घ्यावी म्हणून सरांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि नावांचा क्रम बदलायला सांगितला. मी तो बदलला. बातमीत पहिले नाव सिस्टरांचे आले, दुसरे दुकानवाल्याचे, तिसरे सरांचे.