हिरवी अक्षरं, गुलाबी भात

आमच्या घरात डोळ्यांचा विषय काढायची सोय नव्हती. बाबा दाराशेजारच्या खाटेवर बसलेले असायचे. त्यांना दिसत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर होतंच, तरी 'डोळे' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. सुईत दोरा ओवायचा असला तरी आई नुसतं "जरा इकडं ये गो" म्हणायची.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. मी शाळेत असताना एका संध्याकाळी ते म्हणाले, बल्बभोवती रंगीत गोल दिसतायत, छान दिसतंय. मी आणि दादा, माझा मोठा भाऊ, दोघं बल्बकडे टक लावून बसलो. आम्हाला काही दिसेना, म्हणून आम्ही हिरमुसलो. पुढे बाबांना बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी काचबिंदू हे नाव सांगितलं आणि उशीर झाला म्हणाले. आईने ते नाव दवाखान्याच्या पायरीवरच टाकून दिलं. कंपनीच्या धुराने माझ्या माणसाचे डोळे खाल्ले, असं तिचं पक्कं झालं आणि तिचं झालं म्हणजे आमचंही झालं.

त्यामुळे मला कॉम्प्युटरवर नोकरी लागली तेव्हा बदलापूरच्या आमच्या घरात पेढे वाटण्याऐवजी सुतकी शांतता पसरली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कल्याणला क्लास करून मी प्रोग्राम लिहायला शिकले होते आणि उल्हासनगरच्या एका सिंधी सेठच्या जीन्सच्या कारखान्यात बिलांचा आणि मालाचा प्रोग्राम बनवायचं काम मला मिळालं होतं. "त्या टीव्हीत दिवसभर बघत बसणार तू?" आई म्हणाली, "एकाचं झालं तेवढं पुरे नाही का?" दादा मात्र हसला. हेंद्रेपाड्यात सायकलवरून दूध घालायचा तो, दिवसभर उन्हातान्हात. "कॉम्प्युटरवाली बाई, तुझे गेले तर माझे घे. माझे एकदम घारीचे आहेत," म्हणाला. मी त्याला उशी फेकून मारली. डाव्या बाजूने आली ती, त्याला चुकवता आली नाही. बरोबर कानावर बसली आणि आम्ही खूप हसलो.

सेठची कॉम्प्युटरची खोली म्हणजे एक प्रकरण होतं. मशीन विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की धूळ आणि ऊन याला चालत नाही. सेठने ते असं मनावर घेतलं की खिशांच्या अस्तराच्या काळ्या कापडाचे डबल पडदे शिवून खिडकी कायमची बुजवून टाकली. चपला बाहेर. सकाळी मॉनिटरला कुंकू, अगरबत्ती, मग बटण. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. प्रोग्राम लिहिणं म्हणजे ओळीमागून ओळ टाइप करायची आणि चूक शोधायची. एक टिंब चुकलं तरी मशीन अडून बसतं. ते टिंब शोधायला मी काचेला नाक लावून बसायचे. मी एकदा म्हटलं, सेठजी, थोडा उजेड येऊ दे. तर म्हणाला, "बेटी, सिनेमा कभी लाइट में देखा है?" कपाळ!

महिनाभर गेला असेल. एका संध्याकाळी जेवायला बसले, आईने भात वाढला आणि भात गुलाबी दिसला.

मला वाटलं, बीटरूट घातलं असेल. विचारणार होते, तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचा बनियन गुलाबी होता. मागची चुन्याची भिंत गुलाबी होती. घास तोंडातच फिरायला लागला. बाबांचे गोल आठवले. आधी सगळं छान रंगीत दिसतं आणि मग जातं, हे आमच्या घरात मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

झोपून उठले तर भिंत पुन्हा पांढरी. जिवात जीव आला. संध्याकाळी पुन्हा गुलाबी. मग हे रोजचंच झालं. मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? आई ऊर बडवून घेईल आणि नोकरी त्याच दिवशी बंद. बाबांना तर सांगायची माझी छातीच नव्हती. मी नुसती घाबरत राहिले. कामावर जाताना घाबरायचे, येताना घाबरायचे, कुणी दिवा लावला की आधी त्याच्याभोवती गोल आहेत का ते बघायचे.

घरात माझ्या डोळ्यांची सरबराई मात्र आधीच चालू होती. गाजरं मला, लोणी मला, शेवग्याची भाजी मला, रात्री पापण्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या मला. दादा ताटावर वाकून म्हणायचा, "आई, मी पण आंधळा होऊ का? गाजर मिळेल तरी." "शुभ बोल रे मेल्या!" असं आई ओरडायची, आणि त्या गडबडीत त्याच्या डाव्या हाताचा तांब्या लवंडायचा. रोज लवंडायचा. वेंधळा तो वेंधळाच, असं म्हणून आई फडकं आणायची. दाराच्या चौकटीवर त्याचा खांदा आपटायचा, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आता त्याच्या हातून सोपे झेल सुटायचे. एकदा सायकल गटारात घालून सगळं दूध सांडून आला. बाबांनी खाटेवरून विचारलं, लागलं का रे? आईने विचारलं, लक्ष कुठं असतं तुझं?

मला वाटलं, हा त्या हिरव्या रंगाचाच दोष आहे. म्हणून मी सेठच्या मागे लागले की रंगीत मॉनिटर घ्या, बिलं सुंदर दिसतील, पार्टीवर इंप्रेशन पडेल. सेठला इंप्रेशन हा शब्द फार आवडायचा. मॉनिटर आला. त्यात प्रोग्राम लिहायच्या पडद्याचे रंग आपल्याला बदलता यायचे, अक्षरांचा वेगळा, मागचा वेगळा. मी अधाशासारखी त्या रंगांवर तुटून पडले. आधीपासून तिथे निळ्यावर पिवळं होतं. दिवसभर त्यावर काम केलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि संध्याकाळी घरची भिंत पिवळट. देवा! काळ्यावर पांढरं करून पाहिलं, तर डोळे मिटले तरी अक्षरांच्या ओळी पापण्यांच्या आत तशाच लटकलेल्या. लालवर पिवळं ही सेठची फर्माईश, शुभ असतं म्हणून. त्यावर अर्ध्या दिवसात डोकं फुटायची वेळ आली. "काला रंग धंधे में नहीं चाहिए," असं तो वर मलाच सांगायचा. मी खिडकीच्या काळ्या पडद्यांकडे बोट दाखवलं की म्हणायचा, वो तो पर्दा है.

कुठलाही रंग घ्या, त्याच्या उलट रंग माझ्याबरोबर घरी यायचा. दोष रंगाचा नाही, दोष डोळ्यांतच आहे, असं मला वाटायला लागलं.

मग मी तयारीला लागले. घरात कुणी नसेल तेव्हा डोळे मिटून चालायला शिकायचं. खाटेपासून माठ कुठे, माठापासून मोरी कुठे, चुलीचा ओटा कुठे संपतो. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो. बाविशी-तेविशीतली धडधाकट पोरगी, आंधळी व्हायची प्रॅक्टिस करत होते मी. हात पुढे करून, पाय घासत. बाबा खाटेवर असायचे, पण त्यांना काय दिसणार, असा माझा हिशेब होता.

एका रविवारी दुपारी आई शेजारी गेली होती. मी माठापर्यंत पोचले आणि बाबा म्हणाले, "डोळे उघड."

मी डोळे उघडले, हात तसेच पुढे.

"मी असाच चालायचो," बाबा म्हणाले. "शेवटी शेवटी. तुम्हाला कळू नये म्हणून पाठ करून ठेवायचो घर. हा पाय घासल्याचा आवाज मला कळत नाही होय?" आणि मग जरा चिडूनच म्हणाले, "आणि हा काय खेळ काढलाय तुम्ही दोघांनी? तोही परवापासून असाच चालतोय."

दादा माझी नक्कल करतो आहे, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं. रागच आला त्याचा. मी बाबांच्या पायाशी बसले आणि भडाभडा सगळं सांगितलं, गुलाबी भात, पिवळी भिंत, सगळं. रडले. बाबांनी माझं तोंड चाचपलं, डोळ्यांपाशी बोटं थांबली. "मी पण बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, "तुम्हाला वाटायचं मी गंमत म्हणून सांगितलं गोलांचं. त्याच्या आधीपासून दिसत होते. घाबरत होतो गं. उद्या डॉक्टरकडे जा."

उल्हासनगरला एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, लाइट मारून आत बघितलं, डोळ्यांचा दाब मोजला. मी खुर्चीचे हात धरून बसले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "बेटा, डोळे एकदम मस्त आहेत. दिवसभर हिरवं बघून डोळा हिरव्याला कंटाळतो. मग पांढऱ्यातलं हिरवं त्याला जाणवतच नाही. राहिलं काय? गुलाबी. थोड्या वेळाने जातं." माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. खिडकीचा पडदा काढ, मॉनिटरवर करड्या रंगावर काळी अक्षरं ठेव, ब्राइटनेस उतरव, आणि मधून मधून गच्चीवर जाऊन लांब मलंगगडाच्या डोंगराकडे बघत जा, असं म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी वेड्यासारखी हसायला लागले.

"घरात कुणाला डोळ्यांचा त्रास?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"बाबांना काचबिंदू. कंपनीच्या धुराने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "धुराने नाही होत तो. घराण्यातून येतो. भावंडं आहेत?"

"दादा आहे," मी अजून हसतच होते, "पण तो कॉम्प्युटरवर नाही बसत. बाहेर उन्हात असतो, त्याला काही..." आणि तिथेच माझं तोंड बंद झालं. उशी. तांब्या. चौकट. गटार. तोही परवापासून असाच चालतोय.

दादा यायला तयारच नव्हता. मी सेठला सांगून रजा काढली, त्याला ओढत नेलं. तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हिला तपासा, मी ठणठणीत आहे." त्यांनी त्याला समोर बसवलं, उजवा डोळा हाताने झाकायला लावला आणि म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघ, बाजूने बोट आणते, दिसलं की सांग.

मी त्याच्या मागे उभी होते. त्यांनी हात त्याच्या डावीकडे लांब नेला आणि बोट हलवत हलवत आत आणायला सुरुवात केली. कानाजवळ आलं. दादा गप्प. गालाच्या रेषेत आलं. बोट वळवळत होतं, मला अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि मी मनात ओरडत होते, बोल ना रे, बोल.

"करा ना सुरू," दादा म्हणाला. "कधी दाखवताय बोट?"

थेंब सुरू झाले, पुढे ऑपरेशनही झालं. जे गेलं होतं ते परत येणार नव्हतं, उरलं होतं ते बऱ्यापैकी टिकलं. अगदीच उशीर झाला असं या वेळी म्हणायला लागलं नाही, एवढंच आमचं नशीब. सायकल मात्र सुटली. आई कित्येक महिने कुणाशी धड बोलली नाही. गाजरं आता दादाच्या ताटात जायची, आणि तो ती न बोलता खायचा. मला त्याचं न बोलणं फार लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी घरीच एक मशीन जुळवून घेतलं आणि दादाला टायपिंग शिकवलं. लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून द्यायचं काम त्याने धरलं. त्याच्यासाठी पडद्याचे रंग मीच बसवले. एकेक रंग लावून त्याला विचारायचं, हे वाचता येतं का, हे येतं का. माझ्यासाठी जे करताना मी मरणाची घाबरत होते तेच सगळं पुन्हा, फक्त आता खरंच घाबरायची वेळ होती. करडं त्याला नुसतं धुकं वाटायचं. शेवटी काळ्यावर जाड पिवळी अक्षरं जमली.

तो खुर्चीत बसून एकेक अक्षर शोधत टाइप करायचा आणि मी शेजारी उभी राहून चुका सांगायचे. मी जरा वेळ गप्प राहिले की त्याचे हात थांबायचे.

"गेलीस काय गं?" तो विचारायचा.

मी त्याच्या डाव्या खांद्याला लागूनच उभी असायचे.