शुभांगीच्या हॉलमधले पाच स्पीकर

आईच्या तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि त्याच संध्याकाळी राजदादाने विषय काढला. शुभांगीने जेल रोडचा फ्लॅट सोडायचा, त्याच्याकडे इंदिरानगरला येऊन राहायचं आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

"एकटी कशी राहशील तू?" तो म्हणाला.

शुभांगी सेहेचाळीस वर्षांची. नवव्या वर्षी तिची नजर गेली. गेली बावीस वर्षं ती नाशिक रोडच्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती. फ्लॅट तिच्या पगारातून घेतलेला, तिच्याच नावावर. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन ती चौकापर्यंत चालत जायची, रिक्षा पकडायची, संध्याकाळी भाजी घेऊन परत यायची. शेवटची दोन वर्षं आई अंथरुणावर होती, तेव्हा तिला न्हाऊमाखू घालण्यापासून गोळ्या देण्यापर्यंत सगळं शुभांगीने केलं. त्या घरात कोण कोणाला सांभाळत होतं, हे डोळस दादाला कधी दिसलं नव्हतं.

"विचार करते," ती म्हणाली. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तेराव्याच्या दिवशी भांडण नको.

आई गेल्यावर घर शांत झालं, त्याची तिने तयारी ठेवली होती. अडलं ते भलत्याच ठिकाणी. रात्रीची भांडी झाली की दोघी सिनेमा लावायच्या. आई मध्येमध्ये सांगायची, "आता तो दाराआड लपलाय." "ती रडत नाहीये गं, नुसती बघतेय त्याच्याकडे." आता सांगणारं कोणी नव्हतं, आणि टीव्हीचा आवाज म्हणजे नुसता काला. चपट्या टीव्हीचे स्पीकर त्याच्या पाठीमागे, त्यांचा आवाज आधी भिंतीवर आपटायचा आणि मग तिच्यापर्यंत यायचा. संवाद, संगीत, पाऊस, सगळं एकाच गोळ्यात.

थिएटरमध्ये असं होत नाही, हे तिला माहीत होतं. तिथे गाडी मागून आली की मागूनच यायची. आईला थिएटरमध्ये निम्मंच सांगावं लागायचं. मग तसंच घरी का नको, असं तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

पुढच्या शनिवारी ती मेन रोडच्या एका मोठ्या दुकानात गेली. आत शिरल्या शिरल्या विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, सोबत कोणी आहे का?"

"नाही. विकत मी घेणार आहे. होम थिएटरचा रिसिव्हर दाखवा, सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो. पाच स्पीकर आणि एक सब-वूफर लागेल असा."

तो जरा गडबडला. "तुमच्यासारख्यांना साउंडबार बरा पडेल मॅडम. एक डबा, एक वायर. काही डोक्याला ताप नाही."

"माझ्यासारख्यांना म्हणजे? जेल रोडला राहणाऱ्यांना?"

तिने साउंडबार ऐकवायला सांगितला. त्याने लावला. आवाज मोठा होता, स्वच्छही होता, पण सगळा समोरूनच येत होता.

"यात मागचा आवाज मागून येतो का?"

"मॅडम, तसा भास होतो."

"भास नकोय मला," ती म्हणाली आणि काठी उघडून बाहेर पडली.

तिच्या ऑफिसातल्या झेबाने शालिमारजवळच्या गल्लीतल्या अल्तमशचं नाव सांगितलं. तो वापरलेले अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करून विकायचा. दुकान एवढंसं, आत डिंकाचा आणि तापलेल्या शिशाचा वास. तिने काय हवं ते सांगितलं. अल्तमशने सोबत कोण आहे ते विचारलं नाही. त्याने विचारलं, "ताई, हॉल केवढा आहे? बसायची जागा भिंतीला टेकलेली आहे की मागे जागा सुटते?"

"पावलाला पाऊल लावून मोजला तर हॉल चौदा पावलं लांब, नऊ रुंद. खुर्ची भिंतीपासून तीन पावलं पुढे घेता येईल."

"मग पाच स्पीकर बसतात आरामात. सातच्या भानगडीत पडू नका. एवढ्याशा खोलीत उगाच गर्दी होईल." त्याने दोन रिसिव्हर तिच्या पुढ्यात ठेवले. एक नवा, वरून गुळगुळीत, बोट लावलं की चालणारा. दुसरा तीन वर्षांचा, कोणीतरी बदलून मोठा घेताना देऊन गेलेला. शुभांगीने दोन्हींवरून हात फिरवला. जुन्याचं आवाजाचं चाक मोठं होतं, बटणं उठावदार होती, दाबली की टक्‌ वाजायची. नव्यावर बोट कुठे टेकलं तेच कळत नव्हतं.

"हा," तिने जुन्यावर हात ठेवला. "टीव्हीची एकच वायर लावून टीव्हीचा आवाज यातून येईल ना?"

"येईल. त्याच्यासाठीच दाखवला. आणि पैसे वाचले ते मधल्या स्पीकरवर घाला. माणसं बोलतात ती सगळी त्याच्यातून बोलतात. तोच हलका घेतला तर बाकीच्यांचा काय उपयोग नाय."

हे तिला फार पटलं. मधला स्पीकर तिने चांगला घेतला, बाकीचे चार आणि सब-वूफर साधे. जोडून द्यायला येतो, असं अल्तमश म्हणाला. ती म्हणाली, "नको. नुसतं सांगा. घरात काय कुठे आहे ते मला हातांनी माहीत असायला हवं. उद्या काही निघालं तर मी कोणाला शोधत बसू?"

तेव्हा त्याने वायरींच्या टोकांना पिना बसवून दिल्या, म्हणजे तारा पिळत बसायला नको. वायरीच्या एका बाजूला बारीक उंचवटा असतो, तो नखाने लागतो. ती बाजू लाल सॉकेटमध्ये, असं त्याने तिचं बोट धरून दाखवलं.

मागचे दोन स्पीकर भिंतीवर बसवायला तिच्या गल्लीतला लहानू सुतार आला. ड्रिल हातात घेऊन थांबला. "दादांना इचारलंय ना ताई? भोकं पडली की पडली."

"भिंत माझी आहे लहानूभाऊ. पाडा."

दोन दिवस ती गुडघ्यांवर बसून वायरी ओढत होती. रिसिव्हरच्या पाठीमागची सॉकेटं तिने एकेक करून मोजली, पाठ केली. पुढच्या बटणांवर खड्यांच्या टिकल्या चिकटवल्या, टीव्हीसाठी एक, आवाज बंद करायला दोन. मेनू टीव्हीच्या पडद्यावर यायचा. तो वाचायला तिने मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला, मोबाइल अक्षरं मोठ्याने वाचून दाखवू लागला. सगळं जोडलं, बटण दाबलं, नव्या स्पीकरमधून आवाज शून्य. तिने सगळ्या पिना पुन्हा तपासल्या. पाठ भरून आली. शेवटी अल्तमशला फोन केला.

"टीव्ही स्वतःच्याच स्पीकरवर बोलतोय का?" त्याने विचारलं.

"हो."

"मग रिसिव्हरचा दोष नाय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचा स्पीकर निवडा."

तिने निवडला. मधल्या स्पीकरमधून बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज आला, इतका जवळून आणि इतका स्वच्छ की शुभांगीने हात पुढे केला.

रविवारी सकाळी शेवटचं काम उरलं होतं. रिसिव्हरसोबत एक छोटा माइक आला होता. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज काढतो, माइक तो ऐकतो आणि कोणता स्पीकर किती लांब आहे, कोणाला किती जोर द्यायचा, हे यंत्र स्वतः ठरवतं. तोपर्यंत खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज नको. तिने आपल्या खुर्चीवर दोन डबे एकावर एक ठेवून वर माइक ठेवला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तिसऱ्या शिट्टीला दाराची बेल वाजली.

दारात दादा होता, आणि त्याच्यासोबत कोणीतरी अत्तर लावलेला माणूस.

"शुभा, हे एजंट आहेत. जरा फ्लॅट बघून घेतील."

"आत या आणि दाराजवळच उभे राहा," शुभांगी म्हणाली. "बेलमुळे माझं पहिल्यापासून करावं लागतंय. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही."

"अगं पण..."

"दादा. पाच मिनिटं."

तो आवाजच असा होता की दोघेही थांबले. एजंटने मोबाइल काढून बंद केल्याचं तिने ऐकलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. डावीकडून, मधून, उजवीकडून. मग मागच्या उजव्या कोपऱ्यातून, अगदी दादाच्या कानाशी, आणि तो दचकून बाजूला सरकला. मग मागच्या डाव्या कोपऱ्यातून. शेवटी जमिनीतून यावी तशी सब-वूफरची घरघर. शुभांगी पुन्हा एकदा माइक हलवून आली, पुन्हा सगळी फेरी झाली. दोन मोठी माणसं चपला घालून भिंतीला टेकून उभी होती. मोबाइलने पडद्यावरचं वाचलं, काम पूर्ण झालं होतं.

"हं, बोला आता," ती म्हणाली.

एजंटने घसा साफ केला. "हॉल चांगला आहे. कधीपर्यंत रिकामा होईल?"

"होणार नाही. तुमची रविवारची फेरी फुकट गेली, त्याबद्दल सॉरी. पण मालकीणबाईंना आधी विचारायला हवं होतं."

तो माणूस समजदार होता. खाली थांबतो म्हणाला आणि निघून गेला. दादाने दार लोटलं.

"हे काय चालवलंयस तू? भिंतींना भोकं, हॉलभर वायरी. तुला पडदा दिसत नाही शुभा. थिएटर कोणासाठी हे?"

"माझ्यासाठी."

"आणि रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"आईला झालं होतं. दोनदा. दोन्ही वेळा रिक्षा मी आणली. तू सकाळी आलास."

दादाने पायाने एक वायर भिंतीकडे सारली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "लोक मला विचारतात. आंधळ्या बहिणीला एकटी टाकली म्हणतात."

हे मात्र खरं होतं आणि तो पहिल्यांदाच खरं बोलला होता. शुभांगीला त्याची दया आली, पण तिने आवाज मऊ होऊ दिला नाही.

"मग लोकांना सांग, तिला बोलावलं होतं, ती आली नाही. खोटं नाही ते."

तो चहा न घेताच गेला. महिनाभर फोन नाही.

त्या महिन्यात शुभांगी रोज रात्री जेवण झालं की खुर्चीत बसायची. सगळंच साधलं असं नाही. एका सिनेमात आठ मिनिटं कोणी एक शब्द बोललं नाही. नुसती झटापट, काच फुटली, कोणीतरी पडलं. कोण पडलं ते कळेना. अशा वेळी आईची आठवण यायची. तिने तो भाग मागे नेला, पुन्हा ऐकला, पुन्हा मागे नेला. चौथ्यांदा तिला पावलं लागली. जड बूट डावीकडून मागच्या कोपऱ्याकडे गेले, तिथे दार लागलं. बूट पोलिसाचे, हे आधीच्या प्रसंगावरून तिला ठाऊक होतं. म्हणजे पडला तो दुसरा. दहा मिनिटांनी पोलीसच बोलला आणि ती खुर्चीत एकटीच हसली.

दादाचा फोन आला तो एका बुधवारी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत बघ काय ते. मग ठरवू."

"ठरलंय दादा. आणि ऐक, घोटीला एक मंगल कार्यालय सामान विकायला काढतंय, त्यांच्याकडे छताला लावायचे दोन स्पीकर आहेत. अल्तमशभाई बघून येणार आहेत. या रिसिव्हरला छताचे दोन जोडता येतात, खोलीत गर्दी होत नाही आणि पाऊस वरूनच येतो."

"आता छताला पण भोकं पाडणार तू?"

"हो," शुभांगी म्हणाली. "लहानूभाऊंना शनिवारचं सांगून ठेवलंय."