रिकाम्या खुर्चीकडे पाठ

"कट! काका, पुन्हा तेच!" मेघना ओरडली. सातवा टेक वाया गेला होता. साडेचार वाजले होते आणि पाचला, कोर्ट म्हणून सजवलेला कॉलेजचा हॉल सोडायचा होता.

मी कॅमेरामन. वीस वर्षं नागपुरात लग्नं शूट केली. शॉर्ट फिल्म ही पहिलीच, त्यामुळे सकाळपासून अंगात वारं संचारलं होतं. गोष्ट एका वकिलाची. काम मिळत नाही, घरी सांगवत नाही, तरी रोज काळा कोट घालून निघतो. शेवटी तो उरलेल्या एकमेव केसचं वकीलपत्र मागे घेतो, म्हणजे 'या पक्षकाराची बाजू यापुढे मी मांडणार नाही' असं कोर्टाला सांगतो आणि रागानं पाठ फिरवून निघून जातो.

मेघना आमची डायरेक्टर. तिनं नट न घेता खराच वकील घेतला. वानखेडेकाका, ऑफिस जरीपटक्यात. बाकी सगळे सीन काकांनी झकास केले. पण या शेवटच्या सीनला आले की मान झुकवून मागच्या मागं पावलं टाकत.

"काका, सरळ वळून जा ना!"

"मॅडम, कोर्टाकडे पाठ नाही करत आमी. दोन पावलं मागं यायचं, मंग वळायचं."

"पण जजची खुर्ची रिकामी आहे!"

खरंच रिकामी होती. जजचं काम करणारे गृहस्थ दुपारीच शहराबाहेर बेसाला घरी गेले होते.

"दिसून राहिलं मले. पाय ऐकून नाही राहिले, त्याले मी काय करू?"

मला हसू फुटलं, पण मेघनाचे डोळे भरले होते. दोन वर्षं तिनं या गोष्टीवर घालवली होती आणि हॉल परत मिळणार नव्हता. शेवट नाही तर फिल्म नाही.

आठवा टेक. कॅमेरा जजच्या खुर्चीशेजारी. काकांनी वाक्य म्हटलं, मान झुकवली आणि पाय गेलेच मागं.

"कट!"

लग्नात कट कोणी म्हणत नाही. अक्षता पडताना कॅमेरा बंद केला तर नवरीचा बाप जिवंत सोडत नाही. माझं बोट बटणाकडे गेलंच नाही. काकांनीही कट ऐकला नसावा. दोन पावलांवर ते थांबलेच नाहीत. खुर्चीकडे बघत थेट दारापर्यंत मागं गेले. चेहरा धूसर होऊ नये म्हणून मी फोकसची रिंग हातानं फिरवत होतो. पाठमोरे गेले असते तर हा चेहरा दिसलाच नसता. ओठ थरथरत होते. दारात त्यांनी गळ्यातला पांढरा बँड नीट केला आणि गेले.

"दादा, बंद काहून नाही केला?" म्हणत मेघनानं स्क्रीन पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो.

काका दारातून डोकावले. "माफ करा मॅडम. अजून एक खेप घेता का?"

"नाही काका! पॅकअप!"

आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

पुढे फिल्म वकिलांना दाखवली. त्या शॉटला कोणी खोकलंसुद्धा नाही.

आता नव्या कॅमेरामनला मी एवढंच सांगतो: कट ऐकला की मनात पाचपर्यंत मोजायचं, मग बटण दाबायचं. डायरेक्टर ओरडतो. ओरडू द्यायचं.